जुन्या कागदावरचे साल जुळत नाही: शके, संवत, फसली, सुहूर आणि इ.स. ओळखण्याची रीत

जातपडताळणीचा अर्ज असो, शेताच्या वाटणीचा दावा असो किंवा देवस्थानच्या जमिनीची नोंद असो, गावात जुना कागद बाहेर निघाला की एक अडचण हमखास उभी राहते. कागदावर साल लिहिलेले असते आणि अंकही वाचता येतात, तरी त्याचे इंग्रजी वर्ष काढायला बसलेली दोन माणसे दोन वेगळी उत्तरे देतात. सेतू केंद्रात भरलेल्या अर्जात एक वर्ष, प्रतिज्ञापत्रात दुसरे आणि मोडीच्या लिप्यंतरात तिसरे असे झाले की अर्जात त्रुटी निघते आणि सोयाबीन काढायच्या दिवसांत माणसाला पुन्हा तालुक्याची वाट धरावी लागते.

मूळ दोष बहुतेक वेळा गणितात नसतो. अंकाच्या मागे-पुढे जी एक-दोन अक्षरे असतात (श., सं., फ., हि., इ.स.), ती वाचायची राहून जातात किंवा कोणीतरी ती अंदाजाने सोडवतो. म्हणून सन कोणता आहे हे पक्के झाल्याशिवाय बेरीज-वजाबाकीला हात घालू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

एकच अंक घेऊन पाहू. कागदावर नुसते ‘सन १३१०’ लिहिले आहे असे समजा. तो हिजरी सन असेल तर इ.स. १८९२-९३ येते. दख्खनी फसली असेल तर इ.स. १९००-०१, उत्तरेकडची फसली असेल तर १९०२-०३ आणि सुहूर सन धरला तर १९०९-१० येते. शके धरले तर आपण थेट चौदाव्या शतकात, १३८८-८९ मध्ये जाऊन पोहोचतो. मोबाइलवरच्या तारीख बदलणाऱ्या सोयी या बाबतीत मदत करीत नाहीत, कारण आपण जो सन निवडू त्याचेच उत्तर त्या देतात.

‘शके’ लिहिलेले आहे, पण एक वर्षाचा फरक पडतो

सर्वांत जास्त आढळणारी तक्रार हीच आहे. श., शके, शा.श. किंवा शालिवाहन शके ही सगळी एकाच गणनेची रूपे आहेत. शक अधिक ७८ म्हणजे इसवी सन, हे शाळेपासून पाठ असते, पण हा नियम वर्षाच्या फक्त पहिल्या भागाला लागू पडतो. शकाचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते आणि फाल्गुनाच्या अमावास्येला संपते, त्यामुळे मधल्या १ जानेवारीला इसवी सन एकने पुढे जातो आणि शक तोच राहतो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवावेत आणि जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९ मिळवावेत. माघ आणि फाल्गुन जवळजवळ नेहमीच ७९ च्या बाजूला पडतात. पौषाचे मात्र तिथी पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, कारण तो महिना दोन्ही इंग्रजी वर्षांत विभागला जातो.

हा एका वर्षाचा फरक क्षुल्लक समजू नये. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो. शके १८७२ मधली आषाढातली नोंद आणि त्याच शकातली माघातली नोंद यांच्यामध्ये १९५० च्या दोन्ही तारखा येतात. महिना न पाहता दोन्हीपुढे १९५० लिहिले, तर माघाची नोंद, जी खरोखर १९५१ ची आहे, ती चुकून त्या तारखांच्या आधीच्या बाजूला येते आणि छाननीत तो विसंवाद उघडा पडतो.

शकाच्या बाबतीत आणखी एक गुंता १९५७ नंतरच्या कागदांत आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीच्या शिफारशीवरून भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. राजपत्रात इंग्रजी तारखेच्या जोडीला जी ‘शके’ची तारीख छापतात ती याच दिनदर्शिकेची असते आणि ती सौर आहे. तिच्यात शुद्ध-वद्य नसते, महिने ३० किंवा ३१ दिवसांचे ठरलेले असतात आणि वर्ष दरवर्षी २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला, सुरू होते. महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली तो १ मे १९६० हा दिवस या गणनेने ११ वैशाख १८८२ येतो. नाव बदलल्याचे राजपत्र घेऊन आलेला माणूस ‘वैशाख ११’ याचा अर्थ वैशाख शुद्ध एकादशी असा लावतो आणि पंचांगात तो दिवस शोधत बसतो, तेव्हा गल्लत इथेच झालेली असते. शुद्ध, वद्य, शु., व. यांपैकी काहीही नसेल आणि कागद १९५७ नंतरचा सरकारी असेल, तर ती सौर तारीखच समजावी.

‘सं.’ म्हणजे संवत की संवत्सर?

दोन्ही असू शकते आणि ते जागेवरून कळते. ‘सं.’ पुढे अंक असेल तर तो बहुधा विक्रम संवत असतो (वि.सं. असेही लिहितात), आणि शेजारी पार्थिव, आनंद, विक्रम असे नाव असेल तर तो साठ संवत्सरांच्या चक्रातला संवत्सर असतो. ‘विक्रम’ हे नाव संवत्सरांतही असल्याने ‘विक्रमनाम संवत्सरे’ वाचून ते विक्रम संवत समजू नये.

आपल्याकडे विदर्भात विक्रम संवत मुख्यतः सावकारी वह्यांत, रुक्क्यांवर आणि व्यापाऱ्यांनी बांधलेल्या धर्मशाळांच्या पाट्यांवर भेटतो. खामगाव, अकोला, हिंगणघाट या कापसाच्या पेठांमध्ये मारवाडी आणि गुजराती अशी दोन्ही घराणी स्थायिक झाली, आणि दोघांचे वर्ष एकाच दिवशी बदलत नाही. चैत्री पद्धतीत चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून डिसेंबरपर्यंत संवतातून ५७ वजा करावेत आणि पुढे ५६. गुजराती कार्तिकी पद्धतीत दिवाळीच्या पाडव्याला वर्ष बदलते, म्हणून कार्तिकापासून डिसेंबरपर्यंत ५७ आणि जानेवारीपासून आश्विनाच्या अखेरीपर्यंत ५६ वजा करावेत. चैत्र ते आश्विन या काळात दोन्ही पद्धतींत एका वर्षाचे अंतर पडते, म्हणून वही कोणत्या घराण्याची आहे हे आधी विचारून घ्यावे.

मारवाडी वहीत महिन्याचा वद्य पक्षही वेगळ्या नावाने येतो, कारण तिकडे महिना पौर्णिमेला संपतो. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाची अमावास्या आश्विनातली, तर त्यांच्या वहीत ती कार्तिक बदी अमावस असते. सर्वांत अवघड जागा म्हणजे ‘चैत बदी’. हा पंधरवडा गुढीपाडव्याच्या आधी येतो, त्यामुळे ‘चैत बदी ५, संवत १९९०’ ही नोंद त्या संवताच्या आरंभाची नसून शेवटची असते आणि तिचे इंग्रजी साल १९३३ न येता १९३४ येते. गहाणखताची मुदत मोजताना हे एक वर्ष फार महाग पडू शकते.

‘फ.’ किंवा फसली

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा, कोरपना आणि जिवती हा भाग हैदराबाद संस्थानात होता आणि १९५९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला. तिथल्या जुन्या महसुली कागदांत फसली, म्हणजे पिकाच्या हंगामावरून धरलेला महसुली सन येणारच. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर सोयरिकी असल्यामुळे पुसद-उमरखेडकडच्या घरांतही पलीकडच्या नातेवाइकांचे फसली सनाचे कागद असतात, आणि मामाच्या किंवा आत्याच्या घरचा पुरावा जोडायची वेळ आली की ते समोर येतात.

हैदराबादच्या फसलीत ५९० मिळवले की वर्ष ज्या इसवी सनात सुरू झाले तो मिळतो. हे वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होत असे, त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवावेत. पडताळ्यासाठी एक ठळक घटना लक्षात ठेवावी. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले आणि त्या दिवशी फसली १३५७ चालू होती. त्यात ५९१ मिळवले की १९४८ बरोबर येते.

महिन्यांची नावे आजर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी अशी इराणी असतील, तर तो हैदराबादचा फसली सन आहे याबद्दल शंका ठेवू नये. मोहरम, सफर, रबिलावल, जमादिलाखर अशी असतील, तर दिनांक चांद्र हिजरी महिन्याचा आहे. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असल्यामुळे त्याला एकच ठरावीक अंक मिळवून चालत नाही. अंदाजासाठी हिजरी सनाला ३३ ने भागून येणारा भागाकार त्याच सनातून वजा करावा आणि ६२२ मिळवावेत. १३१० चे उदाहरण घेतले तर भागाकार सुमारे ४० येतो आणि उत्तर १८९२ मिळते. हे उत्तर एखाद्या वर्षाने मागे-पुढे असू शकते, म्हणून नेमक्या दिवसासाठी कोष्टकच पाहावे.

उत्तर भारतातल्या कागदांतल्या फसलीत ५९२ किंवा ५९३ मिळवावे लागतात. इंटरनेटवर बहुधा तोच नियम आधी सापडतो, आणि तो राजुऱ्याच्या कागदाला लावला की सरळ दोन वर्षांची चूक होते.

अंकच नाहीत, ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे काहीतरी आहे

हा भाग मला सर्वांत जास्त जपावासा वाटतो, कारण इथे माहितीअभावी उत्तम पुरावे बाजूला पडतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळातले मोडी कागद घरोघरी पेट्यांमध्ये आहेत. त्यांत साल अरबी शब्दांनी लिहिलेले असते आणि वाचणाऱ्याला ते एखाद्या माणसाचे किंवा गावाचे नाव वाटून तो ते सोडून देतो. हा सुहूर सन आहे. त्यालाच अरबी सन किंवा मृगसाल म्हणतात, कारण सूर्य मृग नक्षत्रात गेला की हे वर्ष बदलते. आपल्याकडे पेरणीचा हिशेब जिथून धरतात तोच हा दिवस, म्हणजे जूनचा पहिला आठवडा.

शब्द आधी एकक, मग दशक, मग शतक आणि शेवटी सहस्र या क्रमाने येतात. एकापासून नऊपर्यंत इहिदे, इसन्ने, सलास, आर्बा, खमस, सित, सबा, समान आणि तिसा. दहा म्हणजे अशर आणि वीस म्हणजे अशरीन. पुढे तीसपासून नव्वदपर्यंत सलासीन, आर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन आणि तिसैन. मया म्हणजे शंभर, मयातैन म्हणजे दोनशे आणि अलफ म्हणजे हजार. लेखनात थोडा फरक आढळतो, पण उच्चार ओळखू येतो. शब्दाचा शेवट काळजीपूर्वक पाहावा, कारण सबा म्हणजे सात आणि सबैन म्हणजे सत्तर, आणि कागदाची घडी नेमकी त्याच अक्षरावर फाटलेली असते.

आता वरचा शब्दसमूह सोडवू. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर आणि अलफ हजार, म्हणजे ११६१. सुहूर सनात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावेत. म्हणजे हे वर्ष जून १७६० ते जून १७६१ असे येते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली ती याच सालात. त्या दिवसाची आपली तिथी पौष शुद्ध अष्टमी शके १६८२ आहे आणि त्यात ७९ मिळवले तरी १७६१ च येते. असा दोन बाजूंनी मेळ बसला की उत्तर निःशंकपणे लिहावे.

याच कागदांत तारखेच्या आधी ‘छ’ असे अक्षर असते. ते चंद्र या शब्दासाठी आहे आणि त्यापुढचा अंक मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख दाखवतो. ‘छ ७ जमादिलाखर’ म्हणजे त्या महिन्याची सात तारीख. इथे साल सुहूर आणि महिना हिजरी असा संयोग असतो. महिन्यावरून सन ओळखण्याचा वर सांगितलेला नियम म्हणून भोसलेकालीन मोडी कागदाला लावू नये. तिथे साल शब्दांत दिलेले आहे का, हे आधी पाहावे.

मराठेशाहीच्या कागदांत ‘राज्याभिषेक शक’ किंवा ‘राजशक’ही येतो आणि त्याचा अंक दोन-तीन आकडीच असल्याने लोक गोंधळतात. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६ या दिवशी झाला आणि तिथून हा शक मोजतात. अंकात १६७३ मिळवावेत आणि वर्ष ज्येष्ठात बदलते हे ध्यानात ठेवावे. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन दिनदर्शिकेची आहे. इंग्रजांनी १७५२ मध्ये दिनदर्शिका बदलली, म्हणून त्याआधीच्या इंग्रजी तारखांत दहा-अकरा दिवसांचा फरक दिसला तर तो चूक समजू नये.

इतर संक्षेप

जैन मूर्तींच्या पादपीठांवर संवत किंवा शकासोबत वीर निर्वाण संवत असतो. कारंजा लाड किंवा शिरपूरच्या परिसरात तो पाहायला मिळतो. दिवाळीपासून डिसेंबरअखेर ५२७ आणि नंतर ५२६ वजा करावेत. आपल्या भागातल्या लग्नपत्रिकांवर आणि विहारांच्या कोनशिलांवर बुद्धवर्ष असते. वैशाख पौर्णिमेपासून डिसेंबरपर्यंत त्यातून ५४४ वजा करावेत आणि पुढे ५४३. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा झाली तेव्हा बुद्धवर्ष २५०० चालू होते.

इंग्रजी फलकांवरचे ए.डी. आणि सी.ई. म्हणजे आपला इ.स.च, तर बी.सी. आणि बी.सी.ई. म्हणजे इ.स.पू., त्यात अंक बदलत नाही. शून्य वर्ष मात्र नाही, त्यामुळे इ.स.पू. ५० ते इ.स. ५० हे अंतर ९९ वर्षांचे भरते. पुरातत्त्वाच्या अहवालातले बी.पी. (‘बिफोर प्रेझेंट’, म्हणजे आजच्या आधी) हे १९५० पासून मागे मोजतात, छपाईच्या वर्षापासून नव्हे.

विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजांच्या ताम्रपटांत सन शोधू नये, कारण तिथे राजाच्या कारकिर्दीचे वर्ष दिलेले असते. रिद्धपूरच्या ताम्रपटात प्रवरसेनाचे एकोणिसावे राज्यवर्ष आहे. त्याला अपवाद म्हणजे वाशीमजवळच्या हिस्से-बोराळ्याचा देवसेनाच्या काळातला शिलालेख, ज्यात शके ३८० दिलेले आहे.

अंक झिजला आहे किंवा उत्तराची खात्री नाही

संवत्सराचे नाव असेल तर अर्धे काम झाले. शकात १२ मिळवून ६० ने भागावे आणि जी बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक समजावा. प्रभव पहिला आणि क्षय साठावा, बाकी शून्य आली तर क्षय. हनुमंताच्या देवळाच्या पायरीवर ‘शके १८०७ पार्थिवनाम संवत्सरे माघ शु. ५’ असे कोरलेले आहे असे समजा. १८०७ अधिक १२ म्हणजे १८१९, आणि ६० ने भागल्यावर बाकी १९ उरते. एकोणिसावा संवत्सर पार्थिवच आहे, म्हणजे अंक बरोबर वाचला गेला. महिना माघ असल्याने ७९ मिळवून इ.स. १८८६ येते.

तोच दगड झिजून ‘१८_७’ एवढेच उरले असेल, तर रिकाम्या जागी शून्य ते नऊ ठेवून प्रत्येकाची बाकी काढावी. पार्थिव दोनदाच जुळतो, १८०७ आणि १८६७ ला, म्हणजे १८८५-८६ किंवा १९४५-४६. साठ वर्षांच्या या दोन शक्यतांतली खरी कोणती ते संवत्सर सांगू शकत नाही. तिथे दात्याचे नाव कोणत्या पिढीतले आहे, ते त्या काळच्या अधिकार अभिलेखात किंवा कोतवाल पंजीत (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत) सापडते का, हे पाहावे लागते. वारही कोरलेला असेल तर तो फार उपयोगी पडतो, कारण त्या तिथीला तोच वार दोन्ही वर्षी येण्याचा संभव कमी असतो. हा हिशेब आपल्याकडच्या शकालाच लावावा. उत्तरेकडच्या विक्रम संवतासोबत येणारी संवत्सरांची नावे वेगळ्या क्रमांकावर चालतात.

हस्तलिखितात १ आणि ९ यांची गल्लतही तपासून घ्यावी. संवत्सर जुळत नसेल तर आधी हे अंक अदलाबदल करून पाहावेत.

अर्जात काय लिहावे

ऑनलाइन अर्जात दिवस-महिना-वर्ष असा इंग्रजी रकाना असतो आणि तो भरण्यासाठी १ जानेवारी ही काल्पनिक तारीख टाकण्याची सवय लागली आहे. असे करू नये, कारण ती पुढे प्रत्येक कागदावर खरी तारीख म्हणून उतरते. तिथी पंचांगाच्या कोष्टकावरून नेमकी काढावी, आणि ती शक्य नसेल तर सोबतच्या टिपणात वर्षाची कक्षा स्पष्ट नोंदवावी. टिपण असे असावे: ‘मूळ नोंद: सन १३१० फसली, महिना फरवर्दी. हैदराबाद फसली धरून इ.स. १९०१. आधार: महिन्याचे नाव व गाव पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील.’ मूळ अक्षरे जशीच्या तशी, सन कोणता धरला ते आणि तो का धरला ते, या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी असल्या की छाननी करणाऱ्याला पुन्हा तोच प्रश्न विचारावा लागत नाही. हेच टिपण प्रतिज्ञापत्राला आणि लिप्यंतराच्या प्रतीलाही जोडावे. मोडी वाचणाऱ्याकडून प्रत घेताना त्यांनी सालाचे रूपांतर करून दिले असेल, तरी मूळ साल अक्षरशः लिहिलेली वेगळी ओळ त्यांच्याकडून मागून घ्यावी.